दात काढण्याची पक्कड

मराठीत ‘दात उपटणे’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. उपटावयाचे असते ते शेतातले तण किंवा वाफ्यातला मुळा. शेंडा घट्ट धरावा, हिसका द्यावा, की काम झाले. दंतवैद्याच्या खुर्चीत बसणाऱ्या मनुष्याच्या डोळ्यांसमोर बहुधा हेच चित्र उभे असते. शेजारच्या तबकातली चकचकीत पोलादी पक्कड त्याच्या दृष्टीस पडते, आणि आता हिने दाढ धरून वैद्य सर्व अंगबळानिशी ती ओढणार, या कल्पनेनेच त्याचे हातपाय गार पडतात. दुधाचा हलणारा दात दोऱ्याने दाराच्या कडीला बांधून दार ओढल्याची बालपणीची आठवण या भीतीत आणखी भर घालते. या भीतीपायी किडलेली दाढ महिनोन् महिने तोंडात वागवणारी माणसे घरोघर आढळतात. लवंगेच्या तेलाच्या बोळ्यावर रात्री काढल्या जातात, गाल सुजतो, ताप भरतो, आणि अखेर दंतवैद्याकडे जाणे होते ते पू धरल्यावर. मग बधिर करण्याचे औषधही पुरतेपणी काम करीत नाही. कारण सुजलेल्या व पू झालेल्या भागात त्याचा प्रभाव मंदावतो. म्हणजे जिच्या भीतीने टाळाटाळ केली, ती वेदना टाळाटाळीनेच ओढवून घेतली, असे होते.

या साऱ्या भीतीच्या मुळाशी एक गैरसमज आहे. दात ओढून निघत नाही, आणि दंतवैद्याची पक्कड ओढण्यासाठी घडवलेलीही नाही. पक्कडीचे पहिले काम दात खोबणीत आणखी खोल ढकलण्याचे असते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. परंतु दात जबड्यात कसा बसलेला असतो हे एकदा ध्यानी आले, म्हणजे त्यात नवल उरत नाही.

भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात ठोकलेला नसतो. जबड्याच्या हाडात प्रत्येक दाताची स्वतंत्र खोबण असते. दाताचे मूळ आणि खोबणीची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. तिची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे पंचमांशाइतकी भरते. या फटीत अगणित सूक्ष्म तंतू असतात. त्यांचे एक टोक मुळाच्या पृष्ठभागात व दुसरे हाडात रुतलेले असते. दात जणू या तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो, आणि म्हणूनच सुपारी फोडतानाचा किंवा चणे खातानाचा दाब हाड न दुखवता सोसला जातो. आता असा दात सरळ ओढू लागल्यास चहूबाजूंचे तंतू एकदमच ताणले जातात व सर्व मिळून विरोध करतात. त्यातच किडीने दात पोखरलेला असला, तर तंतू तुटण्याच्या आधी दातच मानेशी मोडतो, आणि मूळ आत राहून जाते.

शेतकरी गुरे बांधण्याचा खुंटा जमिनीतून कसा काढतो? तो खुंट्याशी झटापट करीत नाही. खुंटा मागेपुढे, डावीउजवीकडे हलवतो. प्रत्येक हेलकाव्यासरशी भोवतालची माती थोडी थोडी सरकते, भोक रुंदावते, आणि शेवटी खुंटा दोन बोटांनी उचलता येतो. ‘हलवून खुंटा बळकट’ ही म्हण माहितगाराच्या प्रश्नांसाठी ठीक आहे; दंतवैद्याचा हेतू मात्र नेमका उलट असतो. जबड्याचे जिवंत हाड वाटते तितके ताठर नसते. सावकाश व सतत दाब दिला असता ते काहीसे नमते, खोबण पसरते, आणि तंतू एकामागून एक सुटत जातात. दात काढण्याची सारी विद्या या एका गोष्टीत आहे. पक्कडीचा आकार ठरला तो याच विद्येच्या सोयीसाठी. आणि तो ठरावयास मनुष्यजातीला बराच काळ लागला.

धरण्याच्या हत्याराला पशुपक्ष्यांच्या मुखाचा आकार द्यावा, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत 101 यंत्रांची गणना आहे. त्यांपैकी 24 स्वस्तिकयंत्रे अठरा अंगुळे लांबीची, मसुराच्या आकाराच्या खिळीने मध्यभागी जोडलेली, व सिंह, व्याघ्र, कंक इत्यादी पशुपक्ष्यांच्या मुखांवरून नावे दिलेली अशी आहेत. हाडात रुतलेले शल्य काढण्याकडे त्यांचा उपयोग सांगितला आहे. आणि त्या सर्वांत कंक पक्ष्याच्या चोचीचे यंत्र श्रेष्ठ मानले आहे, कारण ते खोल शिरते आणि धरलेले सोडीत नाही. दात काढण्याविषयी मात्र त्याच ग्रंथाचा सूर सावधगिरीचा आहे. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, कारण अतिरक्तस्रावाने डोळा जाण्याचा किंवा तोंड वाकडे होण्याचा संभव असतो, असे तेथे बजावले आहे. डोळ्याचे भय आजच्या शास्त्राला मान्य नाही. पण रक्त थांबवण्याची साधने तोकडी असताना सावधगिरीचा कल त्याच बाजूला असावा, हे समजण्यासारखे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याचा उपदेशही ध्यानात घेण्याजोगा आहे. दाताभोवतीची हिरडी आधी सोडवावी, दात हलवून सैल करावा, शक्य तर हाताने आणि न जमल्यास चिमट्याने काढावा, आणि दात पोकळ असल्यास चिमट्याच्या दाबाखाली तो चुरू नये म्हणून पोकळीत आधी कापडाचे तंतू किंवा शिसे भरावे, असे तो सांगतो. पोकळ दात पक्कडीत चुरतो, ही अडचण दोन हजार वर्षांपूर्वीही आजच्यासारखीच होती.

पुढच्या काळात युरोपात हा उपदेश मागे पडला आणि तरफेची हत्यारे पुढे आली. पेलिकन पक्ष्याच्या चोचीवरून नाव पडलेल्या हत्याराची एक गादी हिरडीवर टेकवीत, त्याचा आकडा दाताच्या पलीकडच्या अंगाला अडकवीत, आणि दात आडवा उलथून पाडीत. अठराव्या शतकात त्याची जागा दंतकिल्लीने घेतली. हिचा आकार खरोखरच दरवाजाच्या मोठ्या किल्लीसारखा असे. टोकाशी फिरता आकडा, त्याच्यालगत टेकू, आणि दुसऱ्या टोकास आडवी मूठ. आकडा दाढेला अडकवून कुलूप उघडावे तशी मूठ फिरवली, की दाढ एका बाजूला कलंडून बाहेर येई. बळ पुष्कळ मिळे, पण ते सारे एकाच दिशेने, आणि टेकू हिरडीवर. हिरडी चेचली जाई, खोबणीची भिंत कडाडून मोडे, मुळे आत राहत. तरीही ही किल्ली शतकभराहून अधिक काळ वापरात राहिली. तिचे एकच समर्थन होते, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नव्हते: ती झटपट काम करी. रोगी पूर्ण शुद्धीत असून दोघातिघांनी त्याला धरून ठेवलेले असे. अशा वेळी सावकाशपणाला दया कोण म्हणणार?

आजच्या पक्कडीची घडण ठरवण्याचे मोठे श्रेय जॉन टोम्स या इंग्रज शस्त्रवैद्याकडे जाते. 1815 साली जन्मलेला हा तरुण 1839 ते 1840 च्या सुमारास लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात निवासी शस्त्रवैद्य होता. पक्कडी त्याच्या आधीही होत्या. परंतु त्यांपैकी पुष्कळांची चोच सर्व दातांना सरसकट एकच, आणि ती दाताच्या दिसणाऱ्या माथ्याला धरणारी. टोम्सने प्रत्येक जातीच्या दाताच्या मानेचा आकार पाहिला, आणि त्या त्या मानेला नेमकी बसेल अशी चोच घडवावयाची असे ठरवले. एव्हरार्ड नावाच्या हत्यारे घडवणाऱ्या कारागिराच्या हातून त्याने अशा पक्कडी करून घेतल्या व 1841 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. वैद्याची दृष्टी आणि लोहाराचा हात एकत्र आल्यावाचून हे घडले नसते. कारागिराचे नाव इतिहासात टिकले, हे विशेष म्हटले पाहिजे. बहुधा ते टिकत नाही.

मात्र टोम्सच्या पक्कडीला सावकाश काम करण्याची मुभा मिळाली ती वेदनाशमनाच्या शोधाने. 1844 च्या डिसेंबरात अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. 1846 च्या सप्टेंबरात बोस्टन येथे विल्यम मॉर्टन याने ईथर देऊन एका रोग्याचा दात काढला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोकेन आले, आणि 1943 साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. ते आजही दंतवैद्याच्या पिचकारीत असते. रोगी जागा असतो, बोलू शकतो, आणि दाब कळला तरी कळ लागत नाही. घाई करण्याचे कारणच उरले नाही.

आता पक्कड जवळून पाहावी. तिचे तीन भाग आहेत: चोच, सांधा आणि दांडे. दांडे लांब व चोच आखूड असते. त्यामुळे हाताचा बेताचा दाब चोचीशी कित्येक पटींनी वाढतो. दांड्यांवर खाचा असतात, म्हणजे ओल्या हातमोज्यातून ते निसटत नाहीत. चोचीच्या दोन्ही पात्या आतून पन्हळीसारख्या खोलगट असतात. ही पन्हळ किती खोल असावी, याला महत्त्व आहे. पातीचा बाक मुळाच्या गोलाईपेक्षा उथळ असला तर पाती मुळाला एकाच रेषेवर टेकते, आणि सारा दाब तेथे एकवटून मूळ चुरते किंवा निसटते. तो नेमका जुळावा हे उत्तम. तसे न जमल्यास निदान पातीच्या दोन्ही कडा मुळाला भिडाव्यात. अडकित्त्यात सुपारी आणि पक्कडीत मूळ, यांतला फरक एवढाच. चोचीची टोके पातळ असतात, कारण त्यांना हिरडीखाली मुळाच्या अंगाअंगाने सरकावयाचे असते.

चोच आणि दांडे यांमधील कोन दाताच्या जागेवरून ठरतो. वरच्या पुढच्या दातांची पक्कड जवळजवळ सरळ असते. मागे उपदाढांकडे व दाढांकडे जावे तसे ओठ व गाल आड येतात, म्हणून तेथल्या पक्कडीला दुहेरी बाक दिलेला असतो. वरच्या अक्कलदाढेची पक्कड तर बंदुकीच्या संगिनीप्रमाणे पायरी घेऊन मागे पोचते. खालच्या दातांसाठी इंग्लिश घडणीच्या पक्कडीची चोच दांड्यांशी काटकोनात खाली वळलेली असते. तिला ससाण्याच्या चोचीचे नाव आहे. सुश्रुतांच्या यंत्रशाळेतून आलेल्या माणसाला ते परके वाटले नसते.

खरी चतुराई दाढांच्या पक्कडींत दिसते. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळे असतात, एक पुढे व एक मागे. त्यांच्यामधली बेचकी गालाच्या बाजूने आणि जिभेच्या बाजूने अशी दोन्हीकडून लागते. म्हणून खालच्या दाढेच्या पक्कडीत दोन्ही पात्यांच्या मध्यावर टोक काढलेले असते. ही टोके दोन्हीकडून बेचकीत जाऊन बसतात. एकच पक्कड डाव्या व उजव्या दोन्ही दाढांना चालते. वरच्या दाढेला मात्र तीन मुळे, दोन गालाकडे व एक टाळूकडे. बेचकी फक्त गालाकडे मिळते. टाळूकडे एकटे गोल मूळ. तेव्हा गालाकडील पाती टोकदार आणि टाळूकडील पाती गुळगुळीत गोल करावी लागते. अशी पक्कड उजवीकडून डावीकडे नेली की टोक टाळूकडे जाते व निरुपयोगी ठरते. म्हणून वरच्या दाढांच्या पक्कडी जोडीने घडवतात, चपलांच्या जोडासारख्या. नवखा विद्यार्थी घाईत चुकीची उचलतो, म्हणून त्याला घोकवतात: टोक गालाकडे.

आणखी एक पक्कड गाईच्या शिंगांच्या नावाने ओळखली जाते. तिची दोन निमुळती, बाकदार टोके खालच्या दाढेच्या बेचकीत दोन्ही बाजूंनी शिरतात. दांडे हळूहळू दाबत गेले की ही टोके पाचरीप्रमाणे बेचकीत घुसत जातात आणि दाढ आपोआप वर उचलली जाते. येथे ओढणे जवळजवळ नाहीच. मात्र मुलांच्या दुधाच्या दाढांना ही पक्कड वर्ज्य आहे. दुधाच्या दाढेच्या फाकलेल्या मुळांच्या कुशीत पक्क्या दाताचा अंकुर वाढत असतो. शिंगे तेथे शिरली तर येणारा दातच दुखावेल किंवा उपटून येईल.

हत्यार असे सिद्ध झाल्यावर ते वापरण्याची रीत पाहू. औषधाने भाग बधिर झाल्याची खात्री करून वैद्य प्रथम दाताच्या मानेभोवतालची हिरडी बारीक हत्याराने सोडवतो. सेल्सस हेच सांगत होता. वरच्या दातासाठी खुर्ची उंच करून पाठीकडे कलती करतात, खालच्यासाठी ती खाली घेतात. बहुतेक सर्व दातांसाठी उजव्या हाताने काम करणारा वैद्य रोग्याच्या पुढे, उजव्या अंगाला उभा राहतो. खालच्या उजव्या बाजूच्या दाढांसाठी मात्र मागे जातो. पक्कड उघडताना करंगळी दोन दांड्यांच्या आत असते, ती दांडे फाकवण्यापुरती. दात धरला की ती बाहेर येते. सांध्याच्या खाली अंगठा टेकलेला असतो. पकड फार आवळली जाऊ नये याची राखण तो करतो.

पात्या दाताच्या लांबीच्या दिशेतच सरकवतात, तिरप्या नव्हे. माथ्याला न धरता त्या हिरडीखाली मुळावर बसवतात आणि मग मुळाच्या टोकाच्या दिशेने ठामपणे दाबतात. हाच तो सुरुवातीस सांगितलेला ढकलण्याचा भाग. याने दोन गोष्टी साधतात. पात्या पाचरीसारख्या शिरून खोबणीचे तोंड रुंदावतात. आणि दात ज्या बिंदूभोवती हलणार तो बिंदू खाली, मुळाच्या टोकाकडे सरकतो. पकड वर, माथ्याशी राहिली, तर हेलकाव्यात मुळाचे टोक इकडून तिकडे हिंदकळते व मोडते. पकड खोल असली तर टोक जवळजवळ जागच्या जागी राहते आणि हाडाचा काठ तेवढा पसरतो.

मग हेलकावे. वरचे दात प्रथम गालाच्या किंवा ओठाच्या दिशेने कलवतात, कारण त्या अंगाचे हाड पातळ असते. तेथे काही क्षण थांबतात, हिसका देत नाहीत; हाडाला पसरावयास अवधी हवा. मग उलट दिशेने, आणि पुन्हा. खालच्या मागच्या दाढांच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा जाड कणा असतो. तेथे जिभेकडची बाजू अधिक नमते. पुढच्या वरच्या दाताचे मूळ गाजरासारखे एकटे व निमुळते असल्याने तो स्वतःभोवती किंचित पिरगळता येतो. वरच्या पहिल्या उपदाढेला मात्र पुष्कळदा दोन काडीसारखी मुळे असतात. तिला पिरगळणे म्हणजे मुळे मोडून ठेवणे. शेवटी दात सैल झाला की हलक्या हाताने बाहेर घेतात. ओढणे असते ते येथे, आणि एवढेच.

या सर्व वेळात डावा हात रिकामा नसतो. त्याची दोन बोटे खोबणीच्या दोन्ही अंगांना टेकलेली असतात. हाड किती नमले हे उजव्या हाताआधी त्यांनाच कळते. खालचा दात काढताना हाच हात जबडा पेलून धरतो, म्हणजे कानापुढच्या सांध्यावर ताण पडत नाही. वैद्य गालात हात घालून नुसते धरून बसला आहे, असे रोग्याला वाटते. खरे पाहता निम्मे काम तो हात करीत असतो.

तरीही मुळे मोडतातच. वाकडी मुळे, टोकाशी फुगीर मुळे, हाडाशी एकजीव झालेली मुळे यांपुढे पक्कडीचे चालत नाही; मग तरफ घ्यावी लागते किंवा दाढेचे तुकडे करून मुळे निरनिराळी काढावी लागतात. वरच्या दाढांच्या मुळांवर गालफडाच्या हाडातली हवेची पोकळी अगदी लगत असते. तेथे मोडलेले मूळ अंदाजाने दाबत गेल्यास ते त्या पोकळीत ढकलले जाण्याचा धोका असतो. क्ष-किरणांनी घेतलेले चित्र आधी पाहावयाचे ते यासाठी. बाजारात पथारी मांडून एकाच पक्कडीने सर्वांचे सर्व दात काढणाऱ्या इसमाच्या हातात बळ कमी नसते. कमी असतो तो मुळांचा अंदाज, आणि हत्यार निर्जंतुक करण्याची सोय. नोंदणीवाचून हा व्यवसाय करण्यास कायद्याने बंदी आहे. दाबाच्या वाफेत 121 अंश सेल्सियसला पंधरा मिनिटे ठेवल्याशिवाय एकाच्या तोंडातली पक्कड दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचे विषाणू सांध्याच्या फटीत सहज राहू शकतात.

रोग्यानेही काही गोष्टी आपणहून सांगितल्या पाहिजेत: रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, मधुमेह आहे का, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून एखादे औषध किंवा इंजेक्शन घेतले आहे का. या शेवटच्या वर्गातील काही औषधांनी दात काढल्यानंतर जबड्याचे हाड भरून येत नाही, असा अनुभव आहे. अशी गोळी मनानेच बंद करून जाणे मात्र चुकीचे. बंद करावयाची की नाही हे वैद्याने ठरवावयाचे.

दात निघाला की वैद्य तो प्रथम उजेडात फिरवून पाहतो. मुळाचे टोक गोलसर, गुळगुळीत असेल तर मूळ अखंड आले. कडा धारदार दिसली तर तुकडा आत आहे. मग पसरलेली खोबण दोन बोटांनी दाबून पूर्ववत करतात व वर कापसाच्या जाळीची घडी ठेवून रोग्यास ती चावून धरावयास सांगतात. अर्धा तास ती सोडावयाची नाही, की वारंवार काढून पाहावयाचे नाही. खोबणीत रक्ताची जी गुठळी धरते तीच पुढे हाड भरून येण्याचा पाया असते. म्हणून पहिले चोवीस तास चूळ खळखळून भरू नये, थुंकत राहू नये, नळीने ओढून पिऊ नये, तंबाखू व विडी वर्ज्य करावी. गुठळी निघून गेली तर दोनतीन दिवसांनी उघड्या हाडाची जी कळ सुरू होते, ती मूळच्या दाढदुखीहूनही जबर असते. तसे झाल्यास पुन्हा लवंगेच्या तेलाचा बोळा घेऊन घरी न बसता त्याच वैद्याकडे जावे. खोबण धुऊन तीत औषध भरले की बहुधा त्याच दिवशी आराम पडतो.